बिस्मथची सुरी: स्फटिकांचं पातं घरच्या घरी

पोलादाची पट्टी वितळलेल्या बिस्मथ या धातूत सोडली तर बुडत नाही, तरंगते. पहिल्या खेपेला हे माझ्या ध्यानातच नव्हतं. ज्या पट्टीवर पातं वाढवायचं ती मी अलगद रसात सोडली आणि ती पाण्यातल्या होडीसारखी वर आली. दाबली, परत वर. बिस्मथचा रस पाण्याच्या दहापट जड, पोलाद आठपटीच्याही आत, म्हणजे तरंगणारच. तेव्हापासून पट्टीच्या शेपटावर वीट ठेवल्याशिवाय मी शेगडी पेटवत नाही.

तसे सगळेच धातू स्फटिकी असतात. लोखंडाचे किंवा पितळेचे स्फटिक बघायचे तर घासा, अ‍ॅसिड लावा, सूक्ष्मदर्शकाखाली धरा. जुन्या जस्ती बादलीवर फुलं दिसतात ते जस्ताचे स्फटिकच, पण ते चपटे. बिस्मथ मात्र हळू थंड होऊ दिला तर चौकोनी पायऱ्या-पायऱ्यांनी वाढतो. एखादी बारव वरून पाहावी तसं दिसतं: चौकोनात चौकोन, आत उतरत गेलेला. स्फटिकाच्या कडांना नवे अणू लवकर मिळतात आणि मधला भाग मागे पडतो, म्हणून हा आकार. वर गुलाबी, निळी, सोनेरी झाक येते ती हवेतल्या प्राणवायूने धरलेल्या पातळ थराची. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलला जो रंग दिसतो, तोच खेळ.

सुरी आणि बिस्मथ ही जोडीही नवी नाही. पेरूमधल्या माचू पिचूच्या उत्खननात इंका लोकांची ‘तुमी’ नावाची सुरी सापडली. १९८४ मध्ये तिच्या शोभिवंत कांस्य मुठीचं पृथक्करण प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यात १८ टक्के बिस्मथ निघाला. त्याने मिश्रधातूला वेगळाच रंग आला होता आणि एका भागावर दुसरा भाग ओतून जोडणं सोपं झालं होतं. त्या कारागिराने बिस्मथ मुठीत घातला, आपण पात्यावर घालणार आहोत. त्याची सुरी निदान सुरी होती. आपली काहीही कापणार नाही.

हे आधीच पक्कं समजून घ्या. बिस्मथ नखाइतका मऊ आणि वर ठिसूळ. ठोकून घडवता येत नाही, वाकवला तर मोडतो, फरशीवर पडला तर तुकडे वेचत बसायचं. म्हणून भार सगळा आतल्या स्टीलच्या पट्टीवर आणि बिस्मथ फक्त अंगावर. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद करू नका. शस्त्र नियमांत धारदार हत्यारांची रेघ तिथे ओढलेली आहे, आणि शोभेच्या वस्तूपायी कोणाला स्पष्टीकरण देत बसायचं कशाला? माझी पाती साडेपाच इंचांची असतात, बोथट.

धातू आणि भांडी

बिस्मथ ९९.९९ टक्के शुद्धतेचाच घ्या. मुंबईत गुलालवाडीच्या धातूबाजारात विचारून बघता येतं, नाहीतर ऑनलाइन. ३ किलो लागेल. ऐकायला खूप वाटतं, पण किलोभर बिस्मथ म्हणजे जेमतेम १०० घन सेंटिमीटर, अर्धा कप चहाएवढा ऐवज. शिवाय पात्याला चिकटून जाईल तेवढाच खर्ची पडतो, बाकीचा पुन्हा वितळतो.

रस धरायला सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळणारा स्टेनलेस स्टीलचा झाकणाचा ट्रे उत्तम, ८ इंच लांब आणि ३ इंच रुंद. ३ किलो बिस्मथ त्यात साधारण २ सेंटिमीटर उंचीपर्यंत येतो. वितळवायला स्टीलचं जाड बुडाचं पातेलं, ओतायला चोच असलेलं असेल तर बरं. ही भांडी नंतर स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत, हे घरात आधीच सांगून टाका.

तांब्या-पितळेचं भांडं अजिबात नको, आणि कल्हईचं तर नकोच नको. कल्हई म्हणजे कथील. कथील आणि बिस्मथ एकत्र आले की मिश्रण १३९ अंशांवरच वितळायला लागतं. मी एकदा आजीच्या जुन्या पितळी पातेल्यात हा उद्योग केला. रस दिसायला चकाचक होता, पण थंड झाल्यावर एकही पायरी नाही. नुसता राखाडी गारा. दीड किलो धातू वाया गेला, पातेल्याची कल्हई गेली आणि घरातल्यांचं ऐकावं लागलं ते वेगळंच.

उष्णतेसाठी कॉइलची इलेक्ट्रिक शेगडी घ्या. इंडक्शनवर माझं जमलं नाही. बिस्मथ वितळतो २७१ अंश सेल्सिअसला, आणि माझा इंडक्शन २४०च्या आसपास स्वतःहून बंद पडायचा. तापमान बघायला थर्मोकपलचा मीटर हवा, त्याची तार रसात बुडवता येते. लांबून लाल ठिपका टाकून मोजणारी बंदूक चकाकत्या धातूवर हमखास खोटं सांगते. बाकी सामान किरकोळ: मोठी कढई, ती भरेल एवढी बारीक वाळू, स्टीलचा डाव, लांब सांडशी, चार विटा.

अंगावर सुती कपडे, पायात बंद बूट, हातात चामड्याचे मोजे, डोळ्यांवर पूर्ण झाकणारा चष्मा. जागा उघडी हवी, गॅलरी किंवा अंगण, आणि मुलं-मांजरं आत. बिस्मथ शिशाइतका विषारी नाही, पण म्हणून त्याच्या धुरात तोंड घालायचं नसतं. सगळ्यात मोठा शत्रू पाणी. रसात ओला चमचा गेला तर त्या थेंबाची क्षणात वाफ होते आणि धातू तोंडावर उडतो. पावसाळ्यात वाळूसुद्धा ओल धरते, म्हणून ती आधी तासभर कोरडी भाजून घ्यायची. मी तर जून ते सप्टेंबर हे काम काढतच नाही.

विकणाऱ्यावर विसंबू नका

धातू पातेल्यात घालून मध्यम आचेवर वितळवा. पाच-दहा मिनिटांत पाऱ्यासारखा रस होतो आणि वर करडी-पिवळी साय धरते. तिला हात लावू नका. मीटर ३२० अंश दाखवू लागला की शेगडी बंद करा आणि दर पंधरा सेकंदांनी आकडा लिहीत जा.

शुद्ध बिस्मथ थंड होताना २७१वर येऊन थबकतो. कधी थोडा खाली घसरतो, मग एकदम वर येऊन २७१ला उभा राहतो. गोठताना तो स्वतःच उष्णता सोडत असतो, त्यामुळे बराच वेळ आकडा हलत नाही. तुमचा आकडा २७१ला न थांबता सरळ उतरत गेला किंवा २४०-२५०पर्यंत लापशीसारखं काहीतरी ढवळलं जात राहिलं, तर समजा धातूत शिसं किंवा कथील आहे. एका विक्रेत्याने मला ‘शुद्ध’ म्हणून दिलेली लगड १९०पर्यंत मऊच होती. तो धातू स्फटिकाला निरुपयोगी. ही चाचणी पहिल्याच दिवशी करा. नंतर आठवडाभर स्वतःच्या हाताला दोष देत बसण्यापेक्षा बरं.

आतली पट्टी

३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची पट्टी घ्या: दीड मिलिमीटर जाड, १५ मिलिमीटर रुंद, २४ सेंटिमीटर लांब. त्यातले १४ सेंटिमीटर पात्याचे, १० मुठीत जाणाऱ्या शेपटाचे. पात्याकडचं टोक हॅकसॉने तिरकं कापून कानशीने निमुळतं करा. शेपूट दोन्ही बाजूंनी घासून १० मिलिमीटरवर आणा.

आता पात्याच्या भागात ४ मिलिमीटरची भोकं पाडा, एक डावीकडे, एक उजवीकडे, साधारण दर १२ मिलिमीटरला. ही पायरी गाळू नका. बिस्मथ स्टेनलेस स्टीलला चिकटत नाही, गोंदासारखा धरत नाही. तो भोकांतून आरपार जातो आणि दोन्हीकडून रिव्हेट मारल्यासारखा अडकून बसतो. भोकांशिवाय केलेलं माझं पहिलं पातं तिसऱ्या दिवशी म्यानातून तलवार निघावी तसं पट्टीवरून सरकून आलं.

पट्टी सपाट ठेवून चालणार नाही. ट्रेला काठ आहे आणि शेपूट बाहेर राहायला हवं. म्हणून गवंड्याच्या थापीला मान असते तशी मान द्या: पातं संपतं तिथून दोन सेंटिमीटर सोडून पट्टी वर वाकवा, मग पुन्हा आडवी करा. पातं रसाच्या पृष्ठभागाखाली ५-६ मिलिमीटर राहील आणि शेपूट काठावरून बाहेर येईल एवढी उंची ठेवा. शेवटी साबण, मग अ‍ॅसिटोन. बोटांचा तेलकटपणा राहू देऊ नका.

ट्रेला आतून काजळी धरवा. समई किंवा तेलाच्या दिव्यावर ट्रे पालथा धरला की पाच मिनिटांत काळा मखमली थर बसतो. त्याने गोठलेला धातू सहज सुटतो.

विरजण

या कामाला लोहारकाम म्हणण्यापेक्षा दही लावणं म्हणावं. पट्टी हे विरजण, आणि लावल्यावर हलवायचं नाही हाच मुख्य नियम.

कढईत वाळू भरून ट्रे तिच्यात काठापर्यंत रोवा आणि कढई शेगडीवर चढवा. वाळू तापायला चांगला पाऊण तास लागतो, घाई करू नका. ट्रे २८०च्या वर गेला की दुसऱ्या शेगडीवर वितळवलेला बिस्मथ त्यात ओता. ओताना पातेल्यातली साय डावाने अडवा. रस ३०० अंशांवर स्थिर करा. पट्टी शेगडीच्या कडेला धरून आधी गरम करून घ्या. थंड किंवा दमट पट्टी रसात घालणं म्हणजे फोडणीत पाणी घालणं. मग ती रसात उतरवा आणि बाहेरच्या शेपटावर वीट ठेवून दाबून टाका.

आता शेगडी बंद. डावाच्या कडेने वरची साय एका दिशेला ओढून काढा. खाली आरसा दिसेल, आणि बघता बघता त्यावर पिवळी, मग जांभळी झाक चढत जाईल. बघत बसावंसं वाटतं, पण झाकण ठेवा, शेपटापुरती फट सोडून. कढईवर जुनं सुती पोतं टाकलं तर आणखी चांगलं, फक्त ते शेगडीला लागू देऊ नका. जितकं हळू थंड होईल तितक्या पायऱ्या मोठ्या.

मीटरवर लक्ष. आकडा २७१ला थांबला की घड्याळ लावा.

यापुढचा वेळ मी तुम्हाला सांगू शकत नाही. तो तुमच्या वाळूवर, कढईवर, गॅलरीतल्या वाऱ्यावर ठरतो. माझ्या मांडणीत सहा ते आठ मिनिटं. खूण अशी: झाकण किलकिलं करून ट्रेला बोटभर काठीने हलकी टिचकी मारा. मधोमध पृष्ठभाग थरथरला आणि काठाकडचा दोन-तीन बोटांचा पट्टा स्तब्ध राहिला, तर वेळ झाली. सगळंच थरथरतंय, तर लवकर आहे. काहीच हललं नाही, तर उशीर झाला आणि आता तुमच्याकडे काडीला लागलेली ३ किलोची कुल्फी आहे. निराश व्हायचं कारण नाही, शेगडी पुन्हा लावा. या धातूचं मोठेपण हेच की चूक पुन्हा वितळवता येते. मला चांगलं पातं पाचव्या खेपेला मिळालं.

उचलणं

वेळ झाली की झाकण बाजूला. स्टीलच्या जुन्या सुरीचं टोक ट्रेच्या आतल्या काठाने फिरवून गोठलेली कड सोडवा. मग वीट काढा, शेपूट सांडशीत घट्ट धरा आणि एका संथ दमात सरळ वर उचला. ट्रेवर दोन सेकंद तिरकं धरून रस निथळू द्या, मनगटाने एकच हलका झटका द्या. दुसरा झटका दिलात तर स्फटिकही झडतील.

बिस्मथ गोठल्यावर फुगतो, बर्फासारखाच, सुमारे ३ टक्क्यांनी. त्यामुळे घन बिस्मथ रसापेक्षा हलका असतो आणि पापुद्रा वर धरतो. त्याचा परिणाम तुम्हाला पात्यावर दिसेल: वरची बाजू सपाट, जरा खडबडीत, आणि खालची बाजू पायऱ्यांनी गच्च भरलेली. खालची दर्शनी, वरची पाठ. दोन्हीकडून सारखं पातं मिळवायच्या नादी मी लागलो होतो, आता सोडून दिलंय.

ट्रेमध्ये उरलेला रस लगेच उथळ वाट्यांत ओता. तिथेच गोठू दिला तर फुगून ट्रेला पोक आणतो.

रंग

रंग उचलल्यावरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरतो. स्फटिक जितके गरम आणि जितका वेळ हवेत, तितका थर जाड: आधी सोनेरी, मग गुलाबी-जांभळा, मग निळा, पुढे हिरवट. मला निळा-जांभळा आवडतो, म्हणून उचललेलं पातं मी गरम कढईच्या वर हातभर अंतरावर धरून ठेवतो आणि हवा तो रंग दिसला की पंख्यापुढे नेतो. पाण्यात बुडवून थांबवायचा मोह टाळा. तडे जातात, आणि वाफेचं वर सांगितलंच आहे.

रंग फिका राहिला तर हीट गनने नंतर चढवता येतो. नळी सतत फिरती ठेवा. एका जागी रेंगाळलात तर पायऱ्यांचे कोपरे मेणासारखे गोल होतात आणि ते परत येत नाहीत.

आकार आणि मूठ

पट्टीच्या दोन्ही बाजूंना वेडावाकडा पापुद्रा लोंबत असेल. कागदावर पात्याची बाह्यरेषा काढून घ्या. मी बिचव्याची हलकी वळणदार रेषा घेतो, कारण स्फटिकांच्या चौकोनांपुढे ती खुलते. सोनाराच्या बारीक करवतीने कापा, पातं खाली वाळूच्या पिशवीवर टेकवून. शिकंज्यात बिस्मथ कधीच पकडू नका. कड कानशीने नीट करताना कानशीला आधी खडू घासून घ्या, नाहीतर मऊ धातू दात बुजवून टाकतो. कापलेली कड गुलाबीसर चांदीसारखी दिसते. काही जण तिलाही रंग चढवतात, मी तशीच ठेवतो. कीस गोळा करा, मास्क लावा, नंतर हात धुवा.

थापीची मान आता सरळ करायची. पात्यालगतचे ते दोन सेंटिमीटर नुसतं स्टील असायला हवं. पापुद्रा तिथवर आला असेल तर तोडून टाका. ते स्टील शिकंज्यात घट्ट पकडा आणि त्यापलीकडचा भाग वाकवा. ताण शिकंज्यातच थांबतो, पात्यापर्यंत जात नाही.

परज, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधली आडवी पट्टी, म्हणून ४ मिलिमीटर पितळी पट्टीत शेपटाच्या मापाची खाच कोरा आणि ती मागून सरकवा. मुठीला शिसव घ्या. गडद लाकडापुढे रंग उठून दिसतात, सागवानापुढे विझतात. शिसवीच्या दोन पट्ट्या शेपटाच्या दोन्ही अंगांना, ३ मिलिमीटरच्या दोन पितळी खिळ्यांची भोकं आरपार, मग अ‍ॅराल्डाइट लावून रात्रभर क्लॅम्प. खिळे ठोकू नका, अ‍ॅराल्डाइटमध्येच बसवा. हातोडीचा एक ठोका पट्टीतून थेट स्फटिकांपर्यंत पोचतो. मी एका संध्याकाळी कंटाळून ठोकला होता. मूठ उत्तम बसली, पात्याचं टोक टेबलाखाली सापडलं. मुठीला जवसाच्या तेलाचे तीन हात पुरतात.

ठेवणं

पात्यावर लॅकर मारू नका. मारताक्षणी रंग मंद पडतात, कारण त्या थरावरची प्रकाशाची करामत हवेच्या सोबतीनेच खुलते. धूळ जलरंगाच्या मऊ कुंचल्याने झटका. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांपासून दूर ठेवा. आंबटाने रंगाचा थर निघून जातो आणि खाली पांढरा धातू उरतो. दिवाळीच्या साफसफाईआधी घरच्या मदतनीसांना हे मुद्दाम सांगा.

स्टँडला दोन आधार द्या: एक परजेखाली, दुसरा आत स्टील असलेल्या पात्याच्या मध्याच्या थोडा पुढे. टोकावर भार नको, भिंतीवर टांगणं तर नकोच. पाहुणे येतात, ‘खरी आहे का’ म्हणत अंगठ्याने धार बघतात आणि वजनाने दचकतात, कारण एवढीशी सुरी इतकी जड असेल असं कोणालाच वाटत नाही. म्हणून हातात देताना मुठीकडून द्या आणि खाली सतरंजी असू द्या.